छोट्यांना जपानी गाणी शिकवायची आहेत? ‘अरिगातोऽ’ आणि ‘तोमोदाचि’च्या गाण्यांसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शक

जपानी गाणी शिकवायची म्हटलं की बहुतेक आईबाबा मोबाईल उघडतात, यूट्यूबवर सर्च मारतात आणि जे पहिलं येईल ते लावून देतात, मग मूल चार दिवस त्यावर नाचतं आणि पाचव्या दिवशी विसरून जातं. गाणं चांगलंच असतं हो, पण ते जपानमध्ये कधी म्हणतात, कोणाकडे बघून म्हणतात, म्हणताना हात काय करत असतात हे सगळं बाजूला राहतं आणि मुलापर्यंत नुसता आवाज पोचतो. आभार आणि मैत्री या दोन गोष्टींची गाणी तर अशी अर्धवट शिकवूच नयेत असं माझं ठाम मत आहे, कारण त्या गाण्यांची सगळी मजा समोरच्या माणसात आहे.

जपानमध्ये होइकुएन म्हणजे नोकरी करणाऱ्या आईबाबांची अगदी तान्ह्यापासून सहा वर्षांपर्यंतची मुलं जिथे दिवसभर राहतात ते, आणि योऽचिएन म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांची बालवाडी. या दोन्ही ठिकाणी गाणं दिवसभर मधेमधे येत राहतं. सकाळी आल्यावर एक, डबा उघडायच्या आधी एक, घरी जाताना एक, आणि त्याशिवाय दर महिन्याला एक नवीन, त्याला ‘कोंगेत्सु नो उता’ म्हणजे या महिन्याचं गाणं म्हणतात. आपल्याकडे जेवायला बसल्यावर ‘वदनी कवळ’ आणि दिवेलागणीला ‘शुभंकरोति’ होतं ना, बरोब्बर तसंच, म्हणजे ही पद्धत मराठी घराला अजिबात परकी नाही. या लेखात सगळीकडे एकच सूत्र धरलंय, गाणं वेळेला बांधायचं. वेळ ठरली की गाणं आपोआप पाठ होतं आणि अर्थ समजावत बसावं लागत नाही.

पहिली पायरी: निवड

दोन ते सहा वर्षांच्या मुलासाठी गाणं निवडताना मी तीनच गोष्टी बघते. एक, ओळी परतपरत येतात का. दोन, हातापायाला काही काम आहे का. तीन, दिवसातली किंवा वर्षातली कुठली वेळ त्या गाण्याची आहे हे सांगता येतं का. तिसरं जमत नसेल तर गाणं कितीही गोड असू दे, मी ते पुढच्या वर्षावर टाकते.

जपानी भाषा शिकणारी ताई-दादा मंडळी बरेचदा हौसेने ‘आओगेबा तोऽतोशि’ सुचवतात, गुरुजनांचे आभार मानणारं १८८४ सालचं शाळेच्या निरोपाचं गाणं. गाणं सुंदर आहे, चाल तर मूळ अमेरिकन गाण्याची आहे, पण भाषा इतकी जुनी की आजची जपानी मुलंसुद्धा त्यातल्या ओळींवर अडखळतात, तेव्हा आपल्या साडेतीन वर्षाच्या पिल्लाला ते नको. तसंच ‘ताबिदाचि नो हि नि’, १९९१ मध्ये साइतामामधल्या चिचिबुच्या एका शाळेत मुख्याध्यापक आणि संगीत शिक्षिकेने मिळून केलेलं निरोपाचं गाणं, ते आठवी-नववीच्या मुलांचं आहे, आवाज फुटायच्या वयातल्या मुलांसाठी दोन-तीन सुरांत बांधलेलं. छोट्यांसाठी खजिना वेगळा आहे आणि तो भरपूर आहे. जपानच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर ‘ओकाआसान तो इश्शो’ हा छोट्यांचा कार्यक्रम १९५९ पासून आणि ‘मिन्ना नो उता’ हा पाच मिनिटांचा गाण्यांचा कार्यक्रम १९६१ पासून चालू आहे, म्हणजे आज जे आजीआजोबा आहेत त्यांनीही यातली गाणी लहानपणी म्हटलीयेत.

दुसरी पायरी: गाणं देवनागरीत उतरवून घ्या

ही पायरी लोक टाळतात आणि रोमन लिपीतली लिरिक्स बघून म्हणायला लागतात, मग उच्चार इंग्रजी वळणाचे होतात आणि ते नंतर सुटत नाहीत. आपल्याकडे देवनागरी आहे, शिवाय मराठी आहे, आणि जपानी उच्चारांसाठी मराठी माणसाला काही गोष्टी जन्मतःच फुकट मिळाल्यात. जपानीतला ‘त्सु’ बऱ्याच जणांना अवघड जातो पण आपल्याला ‘चूल’ म्हणता येते ना, त्यातला ‘चु’ छोटा करा, झालं. आणि ‘चि’ म्हणजे चिमणीतला चि. तसंच ‘झा’ म्हणजे ‘जाळं’ मधला जा आणि ‘जि’ म्हणजे जिऱ्यातला जि. हिंदीभाषक मित्रमैत्रिणींना हे दोन च आणि दोन ज वेगळे करून दाखवावे लागतात, आपलं मूल ते बोलायला लागल्यापासून करतंय. जपानीत ल नाही, र आहे आणि तो आपल्या ‘रिमझिम’ मधल्या र सारखा हलकेच जीभ लावून सोडायचा, इंग्रजीसारखा तोंडात गोल फिरवायचा नाही.

आता खरं महत्त्वाचं, ते म्हणजे ठेका. जपानीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ मिळतो. लांबवलेला स्वर म्हणजे दोन मात्रा, शब्दात मधेच येणारा ‘न्’ म्हणजे त्याची स्वतःची एक मात्रा, आणि जोडाक्षरात अडकून थांबतो तो थांबासुद्धा एक मात्रा. म्हणजे ‘अरिगातोऽ’ हा पाच टाळ्यांचा शब्द आहे, अ-रि-गा-तो-ओ. ‘तोमोदाचि’ म्हणजे मित्र, चार टाळ्या. ‘इश्शो’ म्हणजे सोबत, तीन टाळ्या, आणि मधली टाळी आवाज न काढता नुसती हाताने वाजवायची, मुलांना ही मधली मुकी टाळी प्रचंड आवडते. गाणं शिकवायच्या आधी दोन दिवस नुसते हे शब्द टाळ्यांवर म्हणून घ्या, दुसरं काही नको. नंतर गाणं लावलं की अक्षरं सुरांवर बरोबर जाऊन बसतात, कारण या गाण्यांत बहुतेक ठिकाणी एका मात्रेला एक सूर असतो.

लिहिताना शेवटची इकार-उकार ऱ्हस्वच ठेवा, ‘तोमोदाचि’, दीर्घ लिहिलं की आपण मराठी सवयीने लांबवतो. लांब स्वराला अवग्रह (ऽ) द्या. आणि एक नेहमी चुकणारी गोष्ट, छापील जपानीत ‘हा’ हे अक्षर वाक्यातला प्रत्यय म्हणून आलं की उच्चार ‘वा’ होतो, तसंच ‘हे’ चा ‘ए’ आणि ‘वो’ चा ‘ओ’, तेव्हा हिरागाना ही जपानी लिपी नुकती शिकलेल्या ताईकडून अक्षरशः वाचून घेतलं तर ‘वा’ च्या जागी ‘हा’ येईल. लिहून झालं की ऐकून ताडून बघा. पुण्यात तर जपानी शिकणारं कोणी ना कोणी प्रत्येक बिल्डिंगमध्ये सापडतं, त्यांना एकदा ऐकवून घ्यायला काय हरकत आहे.

तिसरी पायरी: पहिलं गाणं, आणि ते एकच

पहिलं गाणं माझ्या मते ‘आकुश्यु दे कोन्निचिवा’, म्हणजे हातात हात घेऊन नमस्कार-चमत्कार. शब्द मादो मिचिओ यांचे. हे १९०९ ते २०१४ असे एकशेचार वर्षं जगलेले कवी, १९९४ मध्ये हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळवणारे पहिले जपानी लेखक, आणि इतकी मोठी व्यक्ती दोन वर्षाच्या मुलाला चालत येऊन हात मिळवायला शिकवते हे मला फार भारी वाटतं. गाण्यात घडतं एवढंच की कोणीतरी तुरुतुरु चालत येतं, हात मिळवतं, कसं काय विचारतं, मग काहीतरी पुटपुटत गप्पा मारतं, परत हात मिळवून निरोप घेतं आणि उद्या भेटू म्हणतं.

करायचं कसं ते सांगते. आजी हॉलमध्ये खुर्चीत बसलेली. मूल स्वयंपाकघराच्या दारात उभं. तुम्ही ‘तेकु तेकु तेकु तेकु’ म्हणायला लागायचं, हा चालण्याचा आवाज आहे, आणि मुलाने प्रत्येक ‘तेकु’ ला एक पाऊल टाकत आजीपर्यंत यायचं. हात मिळवायचा, ‘कोन्निचिवा’ म्हणत जरा वाकायचं. मग गप्पांची ओळ येते तिथे आजीच्या कानात खरंच काहीतरी सांगायचं, मराठीत, काहीही, ‘आजी मी आज दोन पोळ्या खाल्ल्या’ चालेल. परत हात मिळवून मागे चालत जायचं. पहिल्यांदा मूल पावलं भरभर टाकतं आणि गाणं मागे राहतं, मग तुम्ही गाणं थांबवून पावलांची वाट बघा, गाण्याने मुलामागे जायचं. दोन-तीन दिवसांत मूल स्वतःच ठेका धरतं. मग पाहुणे आले, मावशी आली, शेजारचा दादा आला की हेच गाणं, आणि लाजाळू मुलाला तर याचा खूपच उपयोग होतो कारण समोरच्याशी काय बोलायचं हा प्रश्न गाण्यानेच सोडवलेला असतो.

हे एक गाणं न बघता, न लावता, नुसतं तोंडाने येईपर्यंत दुसरं सुरू करू नका. व्हिडिओ सुरुवातीला मोठ्यांनीच बघायचा आणि मुलांना आपल्या आवाजात शिकवायचं. तुमचा आवाज बेसूर असला तरी चालतो, तुमच्या तोंडाकडे बघून उच्चार शिकलं जातं ते स्क्रीनकडे बघून होत नाही.

चौथी पायरी: दिवसातल्या जागा भरा

जेवणाची जागा घ्या. जपानमध्ये बालवाडीत डबा खायच्या आधी ‘ओबेंतोऽ’ नावाचं छोटंसं गाणं म्हणतात, हात स्वच्छ धुतले, सगळे जमलो, आता आनंदाने खाऊया असं, आणि शेवटी हात जोडून ‘इतादाकिमास्’. हे ‘इतादाकिमास्’ ज्याने रांधलं, ज्याने पिकवलं, आणि जे ताटात आलं त्या सगळ्यांसाठी असतं. जेवण झाल्यावर ‘गोचिसोऽसामा’. मुलांना एवढं शिकवा की दोन्ही वेळा तोंड ज्याने वाढलं त्याच्याकडे असलं पाहिजे. डब्याचं गाणं शाळेच्या डब्याला, घरी ‘वदनी कवळ’, अशी वाटणी छान चालते, एकाच्या जागी दुसरं आणायची काही गरज नाही.

दुसरी जागा आईची. ‘ओकाआसान’ नावाचंच एक गाणं आहे, शब्द तानाका नाना यांचे आणि संगीत नाकादा योशिनाओ यांचं. हे सवाल-जवाबासारखं आहे. मूल हाक मारतं ‘ओकाआसान’, आई विचारते ‘नाऽनि?’ म्हणजे काय गं, मूल म्हणतं आईला किती छान वास येतो, मग आई सांगते की तो कपडे धुतल्याचा वास असेल, साबणाच्या फेसाचा. दुसऱ्या कडव्यात स्वयंपाकाचा वास, अंड्याच्या ऑम्लेटचा. यात आभार हा शब्द कुठेही नाही आणि तरी आभाराचं याहून चांगलं गाणं लहान मुलांसाठी मला माहीत नाही, कारण आई दिवसभर काय काय करते हे मूल नाकाने ओळखून सांगतंय. आई खरंच भांडी घासत असताना किंवा फोडणी देत असतानाच हे म्हणायचं, सोफ्यावर बसून नाही. बाबा स्वयंपाक करत असतील तर हाक ‘ओतोऽसान’, घरात म्हणताना तेवढा बदल बिनधास्त करा. आणि मग मुलाला विचारा, आज कसला वास, लसणाचा का कोथिंबिरीचा?

तिसरी जागा संध्याकाळची, आणि इथे संगीत शिकणाऱ्या घरांसाठी खास गंमत आहे. ‘यूऽयाके कोयाके’ हे १९२३ चं गाणं, शब्द नाकामुरा उकोऽ, संगीत कुसाकावा शिन. लाल संध्याकाळ, देवळातली घंटा, आणि सगळ्यांनी हातात हात धरून, कावळ्यांच्या सोबतीने घरी जाऊया. जपानमध्ये कित्येक गावांत संध्याकाळी नगरपालिकेच्या भोंग्यावरून याची धून वाजते आणि मैदानावरच्या मुलांना कळतं, चला घरी. याची चाल चौथा आणि सातवा सूर सोडून बांधलेली आहे, म्हणजे उरले सा रे ग प ध, म्हणजे आपला भूप! घरात पेटी असेल तर पांढरी एकचा सा धरा आणि आधी भूपाचे स्वर दोनदा वर-खाली वाजवा, मग हे गाणं, मुलांच्या कानाला काही परकं लागतच नाही. खेळून परत येताना जिन्यात किंवा लिफ्टमध्ये म्हणायचं, मित्राचा हात धरून. दिवेलागणीच्या आधी नेमकं बसतं.

पाचवी पायरी: मैत्रीची गाणी

इथे सुरुवात ओळखीच्या चालीने करा. ‘इफ यू आर हॅपी’ प्रत्येक नर्सरीत होतं, त्याचं जपानी रूप ‘शिआवासे नारा ते ओ ताताकोऽ’. याची गोष्ट मोठ्या मुलांना आवर्जून सांगा. किमुरा रिहितो नावाचा वासेदा विद्यापीठातला तरुण १९५९ मध्ये फिलिपिन्समध्ये दागुपानला श्रमशिबिरासाठी गेला. युद्धात जपानी सैन्याने तिथे जे केलं त्याच्या आठवणी ताज्या होत्या, जपानी माणसाबद्दल लोकांच्या मनात राग होता, आणि तरी हळूहळू तिथल्या लोकांशी त्याची मैत्री झाली. तिथल्या मुलांच्या तोंडून त्याने ही चाल ऐकली आणि त्यावर जपानी शब्द लिहिले. १९६४ मध्ये गायक साकामोतो क्यूऽ यांनी ते गायलं आणि घराघरात गेलं. जपानी शब्दांत एक ओळ येते की आनंद वाटतोय ना, मग तो वागण्यातून दाखवूया. म्हणून माझ्याकडे टाळ्या आणि पाय झाले की मूळ गाण्यातल्यासारखं खांद्यावर थोपटायचं कडवं येतं, पण स्वतःच्या नाही, शेजारच्याच्या खांद्यावर. हळू थोपटायचं हे आधी दाखवून ठेवा.

मग ‘तेनोहिरा ओ ताइयोऽ नि’, तळहात सूर्याकडे धरूया. शब्द यानासे ताकाशि यांचे, तेच ज्यांनी आंपानमान हा जपानी मुलांचा लाडका कार्टून-हिरो काढला, संगीत इझुमि ताकु, साल १९६१. यानासे तेव्हा चाळिशीत होते, म्हणावं तसं काम मिळत नव्हतं, रात्री दिव्यासमोर हात धरला तर बोटांतून लाल रक्त दिसलं, मन खचलेलं असलं तरी रक्त आपलं धावतंय, त्यातून गाणं आलं. आपण सगळे जिवंत आहोत म्हणून गातो, आणि गांडूळसुद्धा, पाण्यावर चालणारा किडासुद्धा, पुढे बेडूक, चतुर, मधमाशी, चिमणी, नाकतोडा, सगळे जिवंत आहेत, सगळे दोस्त आहेत. शिकवायच्या आधी खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि मुलाचा तळहात त्यावर ठेवा. बोटांच्या कडा लालभडक दिसतात आणि मुलं एकदम गप्प होऊन बघतात, मग एकेक जण परतपरत हात ठेवून बघतो. तेव्हा सांगा, हे आत चालू असतं. दुसऱ्या दिवशी उन्हात जा आणि हात वर करून गा, पण डोळे मिटून, सूर्याकडे थेट बघू देऊ नका. पावसाळ्यात गांडुळं बाहेर येतात तेव्हा तर हे गाणं हवंच, किडा दिसला की चिरडायला धावणाऱ्या मुलांवर याचा जो परिणाम होतो तो उपदेशाने होत नाही.

‘इचिनेन्सेइ नि नात्तारा’, पहिलीत गेल्यावर, हे पुन्हा मादो मिचिओ यांचं, १९६६, संगीत यामामोतो नाओझुमि. शंभर मित्र होतील का, शंभर जण मिळून फुजि पर्वतावर ओनिगिरि म्हणजे भाताचे मुटके खाऊ, मग देशभर पळू, मग जग हलेल इतकं हसू. उत्साहाने भरलेलं गाणं आहे आणि पाच-सहा वर्षाच्या मुलांना तोंडपाठ व्हायला वेळ लागत नाही. शंभर मित्र अधिक मी म्हणजे एकशेएक झाले, मग वर शंभरच जण कसे, हा प्रश्न जपानमध्येही मुलं विचारतात, तुमच्याकडेही विचारतील, मोजू द्या. फक्त एक गोष्ट मनापासून सांगते, जे मूल एकाच मैत्रिणीच्या बाजूला चिकटून बसतं त्याला हे गाणं शिकवताना शंभर ही स्वप्नातली संख्या आहे, एक असली तरी भरपूर आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगा. नाहीतर मूल मनात हिशोब करत बसतं.

भारताशी नातं असलेलं एक गाणं इथेच घेऊया, ‘झोऽसान’ म्हणजे हत्तीदादा, शब्द मादो यांचे, संगीत दान इकुमा, १९५० च्या दशकातलं. युद्धाच्या काळात तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती मारले गेले होते. युद्धानंतर जपानी मुलांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहिली, आम्हाला हत्ती हवाय, आणि १९४९ मध्ये नेहरूंनी हत्तीण पाठवली, आपल्या मुलीचं नाव देऊन, इंदिरा. ती १९८३ पर्यंत जगली. हत्तीचं गाणं म्हणायच्या आधी ही गोष्ट सांगितली की मुलांना दोन देशांची मैत्री म्हणजे काय ते एका सोंडेत कळतं. आणि गाण्यातही गोडवा आहे, पिल्लाला कोणी म्हणतं तुझं नाक लांब आहे, पिल्लू म्हणतं हो, माझ्या आईचंही लांब आहे. चिडवणाऱ्याला रागाने उत्तर न देता आईच्या अभिमानाने उत्तर दिलंय असं स्वतः कवी सांगायचे. चष्मा लागलेल्या, बुटक्या, गुबगुबीत, कुठल्याही चिडवल्या जाणाऱ्या मुलासाठी हे गाणं हाताशी ठेवा.

सहावी पायरी: आता ‘अरिगातोऽ’

मुद्दाम एवढ्या उशिरा आणलंय. आधी माणसं, जेवण, आई, मित्र हे सगळं गाण्यात आलं की मग धन्यवाद कोणाला म्हणायचं हे मुलाला ठाऊक असतं. ‘अरिगातोऽ नो हाना’, आभाराचं फूल, हे साकाता ओसामु यांनी लिहून संगीत दिलेलं, ‘ओकाआसान तो इश्शो’ मधलं गाणं, हे साकाता पूर्वी त्याच कार्यक्रमात गाणारे दादा होते. अरिगातोऽ म्हटलं की सगळे हसतात, ते चेहरे बघून परत म्हणावंसं वाटतं, आणि गावभर फुलं फुलतात, वाऱ्याबरोबर उद्याकडे उडत जातात. कागदाचं एक मोठं झाड भिंतीवर लावा, रोज संध्याकाळी गाणं म्हणताना मुलाने सांगायचं आज कोणाला अरिगातोऽ, आणि त्या माणसाच्या नावाचं एक फूल चिकटवायचं. रिक्षावाले काका, वॉचमन काका, कामाला येणाऱ्या मावशी, सगळे येऊ देत. आणि त्यातल्या एकाला तरी दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन म्हणायचं, मराठीत म्हटलं तरी चालेल.

पावसाळ्यासाठी ‘निजि’, इंद्रधनुष्य. शब्द शिन्झावा तोशिहिको, संगीत नाकागावा हिरोताका. अंगणातलं फावडं दिवसभर भिजलं, कोणाची तरी सहल एक दिवस पुढे ढकलली गेली, रडून झालं, एक शिंक आली, आणि वर बघतो तर इंद्रधनुष्य, तुझंही मन मोकळं झालं, उद्या नक्की छान हवा. सहल रद्द झालेल्या मुलाच्या शेजारी बसून म्हणायचं गाणं आहे हे. जुलैमध्ये आपल्याकडे अशी संधी आठवड्याला एक मिळतेच. शिंकेचा अभिनय जोरदार करा.

सातवी पायरी: निरोप आणि कार्यक्रम

जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपतं, म्हणून मार्च हा निरोपाच्या गाण्यांचा महिना. ‘ओमोइदे नो आरुबामु’ म्हणजे आठवणींचा अल्बम, शब्द मासुको तोशि, संगीत होन्दा तेत्सुमारो, हे बालवाडीच्या निरोप समारंभात पिढ्यान्‌पिढ्या गायलं जातंय. वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा, प्रत्येक ऋतूत काय केलं ते आठवायचं आणि शेवटी आता आपण पहिलीत जाणार. एका ऋतूला एक फोटो, असे वर्षभर जमवा, आणि म्हणताना पानं उलटायची. आपल्याकडे ऋतू थोडे वेगळे, तर शरदाच्या पानावर भोंडला किंवा किल्ला लावा, काही बिघडत नाही. ‘सायोनारा बोकुताचि नो होइकुएन’ हेही फार मायेचं आहे पण ऐकताना मोठी माणसं रडतात आणि मग मुलं घाबरतात, तेव्हा ते मुलांनी आधी भरपूर वेळा म्हणून ठेवलेलं असू द्या.

गॅदरिंगमध्ये करायचं असेल तर दोन गाणी खूप झाली, एक चालतं-फिरतं आणि एक उभं राहून. तयार ट्रॅक बऱ्याचदा मुलांना उंच पडतो, तर सूर खाली आणा, छोट्यांना पांढरी एकच्या सा पासून मधल्या सप्तकातल्या ध पर्यंत आरामात गाता येतं, त्यावर गेलं की मुलं ओरडायला लागतात. गाण्याआधी एका मुलाने दोन वाक्यांत मराठीत अर्थ सांगायचा म्हणजे आजीआजोबांना कळतं. किमोनो भाड्याने आणायच्या भानगडीत पडू नका, जपानमध्ये पण ही गाणी मुलं रोजच्या कपड्यांतच म्हणतात. व्हिडिओ काढून सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा की मादो २०१४ मध्ये आणि यानासे २०१३ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवर कॉपीराइट अजून आहे, जपानमध्ये तो मृत्यूनंतर ७० वर्षं आणि भारतात ६० वर्षं चालतो. घरात, वर्गात गायला काहीच अडचण नाही.

जपानमध्ये राहणाऱ्या मराठी आईबाबांसाठी एक वेगळी सूचना. मुलाचा होइकुएनमधला पहिला महिना असेल तर टीचरला ‘कोंगेत्सु नो उता’ कोणतं ते विचारा, बरेचदा महिन्याच्या पत्रकात छापलेलंच असतं, आणि सगळं हिरागानात असतं. ते एक गाणं घरी रात्री म्हणा. मुलाला अजून जपानी बोलता येत नसलं तरी सगळ्यांबरोबर तोंड हलवता आलं की त्याला वर्गात आपली जागा सापडते.

मूल गातच नसेल तर

बरेच आईबाबा आठवड्याभरात कंटाळतात की आमचा तर नुसता बघत बसतो. बघू दे. काही मुलं आधी हात शिकतात, मग ठेका, आणि शब्द सगळ्यात शेवटी, आणि तेही तुम्ही समोर नसताना, अंघोळ करताना नाहीतर बाहुलीला जेवू घालताना. ‘म्हणून दाखव बरं काकूंना’ हे वाक्य तेवढं टाळा, त्याने उलट परिणाम होतो. ओळीतला शेवटचा शब्द सोडून द्या आणि वाट बघा, ‘तेकु तेकु तेकु...’ म्हणून थांबायचं, पुढचा ‘तेकु’ मुलाकडून आला तर आला, नाही आला तर आपणच पाऊल टाकून पुढे जायचं. तीन आठवडे झाले तरी काहीच हालचाल नसेल तर ते गाणं बदला, मुलात काही कमी नाही, त्याला ‘झोऽसान’ आवडत असेल आणि आपण ‘निजि’ घेऊन बसलो असू.